कोलंबसहून निपाणीस

कोलंबस, ओहायो
दसऱ्यानंतरचा रविवार

तीर्थरूप अप्पा आणि तीर्थरूप सौ. आई यांच्या चरणी साष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

मी येथे खुशाल आहे. आई प्रत्येक फोनवर विचारते, म्हणून आधीच लिहिते की माझी तब्येत उत्तम आहे, थंडीचे कपडे घेऊन झाले आहेत आणि दुपारचा डबा मी घरूनच नेते. नोकरीचे आणि घरभाड्याचे तुम्हाला ठाऊकच आहे, ते पुन्हा लिहीत नाही. मागे फोनवर मी चित्रकथांच्या महोत्सवाला गेल्याचे सांगितले तेव्हा अप्पा गप्प झाले आणि आईने ‘या वयात?’ एवढेच विचारले. त्याचे उत्तर फोनवर घाईघाईने देणे मला बरे वाटले नाही, म्हणून हे पत्र.

महोत्सवाचे नाव ‘कार्टून क्रॉसरोड्स कोलंबस’ असे आहे. तो २०१५ साली सुरू झाला आणि साधारण आपल्या नवरात्राच्या आगेमागे भरतो. काही व्याख्याने विद्यापीठात होतात आणि पुस्तकांची टेबले शहराच्या मुख्य सार्वजनिक ग्रंथालयात मांडतात. प्रवेशाला एक पैसाही पडत नाही, हे आईसाठी मुद्दाम लिहिते. ते ग्रंथालय अँड्र्यू कार्नेगी यांच्या देणगीतून १९०७ साली उभे राहिले आणि त्याच्या दारावर दगडात ‘सर्वांसाठी खुले’ अशा अर्थाचे शब्द कोरलेले आहेत. तेथे दिवसभर माझ्याभोवती आजीआजोबा, लेकुरवाळी कुटुंबे, शिक्षक आणि विद्यार्थी होते. अंधार पडायच्या आत मी बसने घरी परतले. तेव्हा काळजीचे काहीही कारण नाही.

अप्पा, तुम्ही ‘कॉमिक’ म्हटले की डोळ्यांसमोर आणता ती मुखवटा घालून उडणाऱ्या वीरांची पुस्तके तेथे जवळजवळ नव्हतीच. लांबच्या लांब टेबलांमागे ज्यांनी पुस्तक लिहिले, काढले, छापले आणि शिवले, ती माणसे स्वतः बसली होती. तळहातावर मावतील अशा त्या पुस्तिकांना येथे मिनीकॉमिक म्हणतात. प्रकाशक नाही, संपादक नाही, कोणाची शिफारस नाही. एका बाईंनी रुग्णालयातील रात्रपाळीवर सोळा पाने काढली होती, तर एका तरुणाने स्मृती हरवत चाललेल्या वडिलांबरोबरच्या सकाळच्या चहावर. ती पुस्तिका मी तेथेच उभी राहून वाचली आणि मग विकत घेतली. इलिनॉयमधील जॉन पोर्सेलिनो नावाचे एक व्यंगचित्रकार १९८९ पासून आपली पुस्तिका स्वतःच काढून वाचकांना पाठवत आले आहेत. पोटासाठी त्यांनी डासनिर्मूलनाच्या फवारणीचे काम केले आणि त्या कामावरही चित्रकथा काढली. नगरपालिकेत फवारणी करणाऱ्या माणसाचे आयुष्य पुस्तकात येण्याजोगे आहे असे आपल्याकडे कोणी म्हटल्याचे मी ऐकलेले नाही.

पुस्तिका कशी करतात ते अप्पांना नक्की आवडेल. कागद दोन्ही बाजूंनी छापून मधोमध दुमडला की चार पाने होतात, म्हणून पिना मारलेल्या पुस्तिकेची पाने नेहमी चाराच्या पटीत असतात. आठ पानांसाठी दोन कागद लागतात, आणि बाहेरच्या कागदावर एका बाजूला आठवे व पहिले पान शेजारीशेजारी येते, तर दुसऱ्या बाजूला दुसरे आणि सातवे. हे गणित चुकले की गोष्ट उलटीपालटी होते. पाठीच्या कण्यावर पिना मारण्यासाठी लांब हाताचा स्टेपलर मिळतो. पिनेशिवायही एक युक्ती आहे. एकाच बाजूने छापलेल्या कागदाचे घड्या घालून आठ सारखे भाग पाडायचे, मधल्या घडीवर एक चीर द्यायची आणि कागद उभा धरून दुमडायचा, की आठ पानांची पुस्तिका तयार होते. बहुतेक जण साधे झेरॉक्स वापरतात, पण ज्यांना रंग हवा असतो ते रिसोग्राफ नावाच्या जपानी यंत्रावर छापतात. अप्पा, ते यंत्र म्हणजे तुमच्या शाळेतल्या सायक्लोस्टाईलचा शिकलेला नातू आहे. त्यातही स्टेन्सिल शाईच्या ड्रमवर गुंडाळली जाते, फक्त ती लोखंडी लेखणीने कोरण्याऐवजी यंत्र स्वतः उष्णतेने करते. बहुतेक यंत्रांत एका वेळी एकच रंग उतरतो, दुसऱ्या रंगासाठी ड्रम बदलून तोच कागद पुन्हा घालावा लागतो, आणि शाई बोटांना लागते. परीक्षेच्या पेपरांच्या दिवसांत तुमच्या बाहीवर शाईचे डाग असत, ते मला त्या टेबलाशी फार आठवले.

आता तुम्हाला पटणार नाही अशी एक रीत सांगते. शेवटच्या दिवशी गर्दी ओसरू लागली की हे व्यंगचित्रकार आपल्या पुस्तिकांचा गठ्ठा घेऊन एकमेकांच्या टेबलाशी जातात आणि अदलाबदल करतात. पैशांचा विषय निघत नाही. आठ पानी झेरॉक्स पुस्तिका देऊन चाळीस पानी रंगीत पुस्तिका घेतली तरी कोणी हिशोब मांडत नाही. आईला वाटेल की हा व्यवहारशून्यपणा आहे किंवा न विकलेला माल खपवणे आहे, तसे नाही. टेबलाचे भाडे, झेरॉक्स, प्रवास असा प्रत्येकाचा खर्च झालेला असतो आणि बहुतेकांचा तो विक्रीतून पुरता निघत नाही, हे त्यांनीच मला सांगितले. तरीही दिवसभर ज्या पुस्तिकेचे पाच डॉलर घेतले ती संध्याकाळी तशीच देऊन टाकतात, कारण पाहुणा वाचून विसरेल, पण स्वतः काढणारा माणूस रेघ कशी ओढली आहे हे बघेल, आणि तसे बघणारा वाचक त्यांना पैशांपेक्षा मोलाचा वाटतो. देताना संकोच नसतो, घेताना उपकाराची भाषा नसते. माझ्याजवळ द्यायला काही नव्हते, तसे मी एका बाईंना सांगितले. तेव्हा त्यांनी माझ्या हातात पुस्तिका ठेवली आणि ‘पुढच्या वर्षी तुमची द्या’ असे म्हणाल्या. ते देणे मी आपल्या घरच्या हळदीकुंकवाच्या वाणाइतके मनावर घेतले आहे.

याच शहरात व्यंगचित्रांचे एक मोठे ग्रंथालय आणि संग्रहालयही आहे. ओहायो राज्य विद्यापीठाने ते १९७७ साली सुरू केले आणि येथील वृत्तपत्राचे जुने व्यंगचित्रकार बिली आयर्लंड यांचे नाव त्याला आता दिले आहे. तीन लाखांच्या आसपास मूळ चित्रे तेथे जपलेली आहेत. जे आपल्याकडे रद्दीत जाते ते येथे कपाटात जाते, एवढाच फरक, पण तो फार मोठा आहे. महोत्सवाच्या संस्थापकांपैकी जेफ स्मिथ यांनी १९९१ साली आपली चित्रकथा स्वतः छापायला सुरुवात केली आणि २००४ पर्यंत तिचे ५५ अंक काढून ती पूर्ण केली. छपाई-विक्रीचा व्याप त्यांच्या पत्नी विजया अय्यर यांनी आपली सॉफ्टवेअरमधली नोकरी सोडून सांभाळला, आणि महोत्सवाच्या संस्थापकांत त्याही आहेत. हे वाचून तुम्ही दचकाल, म्हणून स्पष्ट लिहिते: मी नोकरी सोडणार नाही.

आणि अप्पा, ही कला आपल्या मातीला परकी आहे असे कृपया म्हणू नका. शि. द. फडणीस १९२५ साली जन्मले ते आपल्या शेजारच्या भोज गावात. एकही शब्द न लिहिता लोकांना हसवणारी त्यांची चित्रे तुम्हीच मला दिवाळी अंकांतून दाखवलीत. आपली पाठ्यपुस्तके कर्नाटक सरकारची असल्यामुळे गणिताच्या पुस्तकांतली त्यांची चित्रे मला कोल्हापूरला मामांकडेच पाहायला मिळाली, आणि सुट्टी संपल्यावर ती पुस्तके तेथेच ठेवून येणे माझ्या जिवावर येत असे. शाळेचा हस्तलिखित अंक तुम्ही दर वर्षी मुलांकडून करून घेत होता. त्याची एकच प्रत निघे आणि ती काचेच्या कपाटात राही. येथे त्याच अंकाच्या पन्नास प्रती काढून वाटल्या असत्या.

म्हणून मी ठरवले आहे की आज्जीवर एक पुस्तिका काढायची. तंबाखूच्या वखारीत तिने काढलेली वर्षे, चाळताना उडणारा धुरळा, घरी आल्यावरही न जाणारा तो वास, आणि १९८१ साली शेतकरी नेते शरद जोशींबरोबर तंबाखूच्या भावासाठी शेतकरी हायवेवर बसले होते तेव्हाच्या तिच्या आठवणी, एवढे सोळा पानांत बसेल. भाषा मराठीच राहील, आणि वखारीत शेजारच्या बायका कन्नड बोलत, तेथे त्यांचे बोलणे कन्नडमध्येच लिहीन. पाटीवर कोणती भाषा वर असावी यावरून आपल्या भागात केवढे वाद होतात ते मी लहानपणापासून पाहिले आहे. आज्जी मात्र दोन्ही भाषांत हसत आणि भांडत असे, आणि ते तसेच कागदावर यावे अशी माझी मनापासून इच्छा आहे. रात्री जागून काढणार नाही, शनिवारी-रविवारीच काढीन. खर्च एका जोडी बुटांइतकाही होणार नाही. अप्पांनी वखारीच्या दाराचा आणि आतल्या चाळण्यांचा फोटो, मिळाला तर, धाकट्याकरवी पाठवावा. आईने आज्जी पदर कसा खोचत असे ते लिहून कळवावे. मी आठवून काढायला बसले तर हात मध्येच थांबतो. तिच्या शेवटच्या दिवसांत मी तेथे नव्हते, याबद्दल तुम्ही मला कधीही काही बोलला नाहीत.

आता पैशांचे. अप्पांच्या दुसऱ्या डोळ्याच्या मोतीबिंदूसाठी या महिन्यात नेहमीपेक्षा जास्त रक्कम पाठवत आहे. ती त्याच कामी लावावी, स्लॅबच्या गळतीसाठी वेगळे पाठवीन. शस्त्रक्रिया दिवाळीच्या गडबडीत पुढे ढकलू नये. मी यंदाही दिवाळीला नाही, पण फराळ पाठवायच्या खटाटोपात आईने पडू नये. येथे सर्व मिळते.

गडहिंग्लजच्या मुलीबद्दल धाकट्याने मला सर्व सांगितले आहे. मोठी बहीण बिनलग्नाची आहे म्हणून त्याचे थांबवणे मला मान्य नाही. पाहुणे विचारतील तेव्हा, थोरलीची स्वतःची संमती आहे, असे माझे नाव घेऊन सांगावे आणि सुपारी फोडावी. माझ्यासाठी आलेल्या सांगलीच्या स्थळाशी मी फोनवर बोलले. माणूस सभ्य वाटला, त्याने माझे महोत्सवाचे बोलणे मध्ये न तोडता ऐकले. होकार देत नाही आणि नकारही देत नाही. भेटल्याशिवाय काही ठरवणार नाही, आणि भेट मी तेथे आल्यावरच होईल. रजा मिळते, पण परत येण्यासाठी व्हिसाचा शिक्का वेळेत मिळेल की नाही याची खात्री झाल्याशिवाय तिकीट काढता येत नाही. म्हणून धाकट्याचा मुहूर्त धरताना माझ्यासाठी अडून राहू नये. जानेवारीनंतरचा निघाला तर बरे, पण नाही निघाला तरी मी वाईट वाटून घेणार नाही. मुलीच्या साडीचे पैसे माझ्याकडून घ्यावेत, हे मात्र नाही म्हणू नये.

धाकट्यास आशीर्वाद, मामा-मामींस नमस्कार. डॉक्टरांनी दिलेली तारीख त्याच दिवशी कळवावी.

तुमची
थोरली