सोय कोणाची, शुल्क कोणाला?

महोदय,

गेल्या महिन्यात एका नाटकाची चार तिकिटे मी अ‍ॅपवरून काढली. कलाकार आजारी पडल्याने प्रयोग रद्द झाला, त्याबद्दल तक्रार नाही. परंतु पैसे परत करताना कंपनीने प्रत्येक तिकिटामागे ४० रुपये 'सुविधा शुल्क' आणि त्यावरील १८ टक्के जीएसटी असे १८८ रुपये ८० पैसे स्वतःकडेच ठेवले. पूर्वी खिडकीवर आसनांच्या प्लॅनवर खूण करून तिकीट देणारे गृहस्थ अशा वेळी पूर्ण रक्कम हातावर ठेवीत. ग्राहक सेवेला फोन केला, तर निरनिराळे आकडे दाबायला लावून शेवटी अटी वाचण्याचा सल्ला मिळाला. ओळखीच्या वकिलांनी नुसत्या नोटिशीचे अडीच हजार सांगितले! वास्तविक २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार जिल्हा आयोगापुढे वकिलाविना स्वतः बाजू मांडता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला शुल्कही नाही, हे मला वकिलांनी नव्हे, तर शेजारच्या निवृत्त कारकुनांनी सांगितले. रद्द झालेल्या प्रयोगाचे सुविधा शुल्कही परत करणे शासनाने कंपन्यांवर बंधनकारक करावे. तोवर मी तक्रारअर्ज लिहायला घेतला आहे.

– एक नाट्यरसिक, पुणे