तळपायाची आग ओळखणाऱ्या डॉक्टरांना

आदरणीय डॉक्टर मॅडम,

‘तळपायाची आग मस्तकात गेली’ असं आपण राग आल्यावर म्हणतो. माझ्या बाबतीत ते रोज रात्री खरंच घडत होतं. पांघरुणाची ऊब लागली की पावलं लालबुंद व्हायची, सुजायची, हाताला चटका बसेल इतकी तापायची. दिवसा दवाखान्यात गेलं की तेच पाय अगदी धडधाकट दिसायचे. ‘उष्णता वाढली असेल’, ‘फार मनाला लावून घेता’ हे तीन वर्षं इतकं ऐकलं, की माझाच माझ्यावर विश्वास उरला नाही.

तुम्ही पाय पाहिलेत आणि म्हणालात, “आता काही दिसत नाहीये. आग होते तेव्हा मोबाइलवर फोटो काढून आणा.” तोपर्यंत हे कुणालाच सुचलं नव्हतं.

फोटो पाहून तुम्ही नाव सांगितलंत: एरिथ्रोमेलाल्जिया. कागदावर त्याची फोडही करून दिलीत. ग्रीक भाषेत लाल, अवयव आणि वेदना. १८७८ साली सायलस वीअर मिचेल या अमेरिकन डॉक्टरांनी दिलेलं नाव. म्हणजे माझ्या आधी कितीतरी जणांचे पाय असेच पेटले होते! त्या कागदावर माझे अश्रू पडले, तुम्ही पाहिलंत. रक्तपेशी वाढल्यानेही हा आजार होतो, म्हणून लगेच रक्त तपासलंत. तसं काही निघालं नाही.

पण सगळ्यात जास्त आभार त्या बादलीसाठी. बर्फाच्या पाण्यात मी तासन्‌तास पाय बुडवून बसायचे आणि ते सगळ्यांपासून लपवायचे. बोटांमधली पांढरी पडलेली, सोललेली कातडी पाहून तुम्ही ओळखलंत. रागावला नाहीत. बर्फाने तेवढ्यापुरतं बरं वाटतं, पण कातडी खराब होऊन जखमा होतात, आणि पाय बाहेर काढून ऊब लागली की आग पुन्हा उसळते, हे शांतपणे समजावलंत. “एका दिवसात सुटणार नाही, रोज पाच-पाच मिनिटं कमी करा,” म्हणालात. माझी तडफड खरी आहे हे मानल्याशिवाय असं कुणी बोलत नाही.

आजार गेलेला नाही. परवा रात्रीही आग उसळली. पाय उशीवर उंच ठेवले, पंखा लावला, बादलीकडे गेले नाही. पाऊण तासाने झोप लागली. हे तुम्हाला कळवायचं होतं.

आपली कृतज्ञ,
एक रुग्ण