डुकरांसाठी पावती फाडणारं कोणी आहे का?

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

मोकाट डुकरांच्या त्रासाबद्दल आपल्याकडे अधूनमधून पत्रं येतात, आणि तक्रार काही खोटी नाही, मी चेंबूरला राहते, देवनारच्या बाजूला काय परिस्थिती असते ते मला कोणी सांगायला नको. पण आज जरा दुसऱ्या बाजूने लिहितेय. वांगणीच्या पुढे एक छोटी संस्था आहे, सोडवून आणलेली डुकरं सांभाळते. माझी भाची परळच्या व्हेटर्नरी कॉलेजात शिकते, ती सुट्टीच्या दिवशी तिकडे मदतीला जाते, तिच्यामुळे माझंही जाणं सुरू झालं. संस्थेचं नाव मुद्दाम देत नाहीये, कारण पुढे येईलच.

आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर कुत्र्याच्या ऑपरेशनसाठी पैसे मागा, तासाभरात जीपेचे स्क्रीनशॉट पडायला लागतात, मांजरीलाही मिळतात. देशी गायींसाठी तर गोशाळांना सरकारच गायीमागे रोज ५० रुपये देतं. डुकराचं म्हटलं की हसायच्या इमोजी. एका काकांनी तर विचारलं, ‘कधी कापणार आहेत?’ आता ह्यावर काय बोलायचं!

ह्याच मुंबईत १८३२ साली भटकी कुत्री मारायला सुरुवात झाली म्हणून पारशी लोकांनी दंगल केली होती बरं का, आणि दोनच वर्षांनी, १८३४ मध्ये, जमशेटजी जीजीभॉय वगैरे मंडळींनी भुलेश्वरचा पांजरापोळ, म्हणजे बेवारस जनावरांचा आसरा, उभा केला. इंग्रजांचे शिपाई कुत्र्यांवर आणि डुकरांवर गोळ्या झाडायचे, त्या जनावरांसाठी तो काढला असं सांगतात. म्हणजे डुक्कर तेव्हा यादीत होतं, मधल्या काळात कुठे गळलं देव जाणे.

संस्थेत एक मादी आहे, बबडी म्हणतात तिला. फार्मवरून आलेली. शेपटीचा नुसता खुंट, कानाला बिल्ल्याचं भोक, आणि दोन्ही खांद्यांवर रुपयाएवढे गुळगुळीत चट्टे जिथे केसच येत नाहीत. भाचीने सांगितलं की व्यायच्या वेळेला मादीला लोखंडी पिंजऱ्यात घालतात, पिल्लं अंगाखाली येऊ नयेत म्हणून, पण तो इतका अरुंद की तिला वळताही येत नाही, नुसतं पडून राहायचं, मग खांद्याला जखमा होतात, त्याचे हे वण. ११४ दिवसांचं गाभणपण, पिल्लांचं दूध तोडलं की परत गाभण, वर्षाला दोनदा तरी. १९६० च्या प्राण्यांना क्रूरतेने वागवण्याविरुद्धच्या कायद्यात ११ व्या कलमात स्पष्ट लिहिलंय की जनावराला नीट हालचाल करता येणार नाही अशा पिंजऱ्यात ठेवणं गुन्हा आहे. असो.

आता ही बबडी पाण्याचा पाईप दिसला रे दिसला की आधी बादली नाकाने उलटी करते, सगळ्यांच्या चपला भिजवते आणि त्या चिखलात धपकन आडवी. घाण आवडते म्हणून नाही हो, डुकराला घाम जवळजवळ येतच नाही, अंग गार ठेवायला चिखलच लागतो, आणि ही गोरी जात उन्हात अक्षरशः भाजून निघते. पोट खाजवलं की कुशीवर कलंडून डोळे मिटून घेते, थांबलात तर एक डोळा उघडून बघते.

माझा मुद्दा असा आहे की सोडवणं हे एका दिवसाचं काम, व्हिडिओ त्याचाच होतो, लाईक्स त्यालाच मिळतात, पैसेही त्याच आठवड्यात येतात, आणि नंतर कोणी विचारत नाही. फार्मचं डुक्कर साधारण सहा महिन्यांत कापायला जातं. सांभाळलं तर तेच पंधरा वर्षंसुद्धा जगतं. मग पंधरा वर्षं त्याला खायला कोण घालणार? त्यात ही जात भराभर वाढवून विकायला तयार केलेली, म्हातारपणापर्यंत जगायला नाही, दोनशे-अडीचशे किलोचं धूड होतं आणि गुडघे बोलायला लागतात. खाली मऊ पेंढा हवा, खुरं वेळेवर कापायला हवीत, जंताचं औषध, क्लासिकल स्वाइन फीवर ह्या डुकरांच्या तापाची लस. डुकराची नीट माहिती असलेला डॉक्टर मिळणं हे आणखी एक प्रकरण, शीर सापडतच नाही, कानातली शोधावी लागते, आणि बसलेलं डुक्कर उठेना झालं तर उचलायला पाच-सहा माणसं लागतात.

आता ते नाव न देण्याचं कारण. आपले लोक मनाने चांगले आहेत, पत्ता कळला की लग्नातलं, बारशातलं उरलेलं डब्यात भरून निघतात, डुक्कर काय काहीही खातं असं म्हणून. नाही चालत! फरसाण, पापड, लोणचं असलं खारट पोटात गेलं आणि वर पाणी कमी पडलं तर डुकराला मिठाची विषबाधा होते, झटके येतात, मरतंही. आणि उरलेल्यात सॉसेज-हॅमचा एखादा तुकडा असला तर आणखी मोठा धोका. आफ्रिकन स्वाइन फीवर हा वेगळाच आजार, तो आपल्या देशात २०२० मध्ये पहिल्यांदा आसाम-अरुणाचलकडे सापडला, माणसाला होत नाही पण डुक्कर बहुतेक वाचत नाही, त्यावर औषध नाही, आणि त्याचा विषाणू असल्या मांसात टिकून राहतो. एका ठिकाणी लागण सापडली की एक किलोमीटरच्या आतली सगळी डुकरं मारायचा नियम आहे, मग ती फार्मची असोत की लोकांच्या देणगीवर वाढवलेली. त्यात बबडीही जाईल.

सरकारलाही विचारायचंय. राष्ट्रीय पशुधन अभियानात वराहपालनाच्या प्रकल्पाला ५० टक्के, कमाल ३० लाखांपर्यंत अनुदान आहे. असू दे, त्या धंद्यावर कितीतरी घरं चालतात, माझा त्यांच्यावर राग नाही. पण टेम्पोत कोंबून नेलेली डुकरं पोलीस पकडतात, केस होते, मग केस चालू असताना ती ठेवायची कुठे? कायदा म्हणतो पांजरापोळात पाठवा. आम्ही दोन-तीन ठिकाणी फोन केले तर एकच उत्तर, गायींबरोबर डुकरं ठेवता येत नाहीत. म्हणजे शेवटी ती असल्या छोट्या संस्थेच्या गळ्यात पडतात, आणि तारखा चालूच राहतात. निदान अशा केसमधल्या डुकरांना तरी गायीसारखे रोजचे काही पैसे द्यायला काय हरकत आहे?

ज्यांना मदत करायची इच्छा आहे त्यांना एकच विनंती, एकदम पाच हजार देऊन विसरू नका, महिन्याला दोनशे द्या पण चालू ठेवा, बँकेत ऑटो-डेबिट लावून टाका. पावती करसवलतीची मिळते, मात्र नवीन टॅक्स रेजीम घेतली असेल तर तिचा उपयोग नाही, हे आधीच सांगितलेलं बरं. पैसे नसतील तर पेंढा. दिवाळीच्या सुमारास भाताची कापणी होते, तेव्हा कर्जत-वांगणीकडे पेंढा स्वस्तात मिळतो आणि तेव्हाच वर्षाचा भरून ठेवावा लागतो, संस्थेकडे नेमके तेव्हाच पैसे नसतात. कोणाकडे छोटा टेम्पो असेल आणि एखादा रविवार मोकळा असेल तर आपल्या कार्यालयात कळवा, माझा नंबर तिथे दिलेला आहे, पत्ता मी फोनवर सांगेन.

आपली,
एक नियमित वाचक, चेंबूर