दुसरा डबा

चि. माई, अनेक आशीर्वाद.

रविवारी ताटावरून उठून गाडी गाठलीस, कुंद्याचा, म्हणजे आपल्या त्या दुधाच्या मिठाईचा, डबा ओट्यावरच राहिला. त्या विषयावर परत बोलायचं नाही असं आईला कबूल केलंय.

तू आणि तो वेगळे झालात, त्यात मी पडत नाही. पण सात वर्षांचं काम दोघांचं, आणि पेपरात फोटो तुझा, नावही तुझंच. कात्रण मी आरशाजवळ लावलंय, गणपत गल्लीत चौघांना दाखवूनही आलो. खोटं कशाला बोलू? रात्री मात्र झोप लागली नाही.

मारिना आब्रामोविच आणि उलाय, त्या कलाकार जोडीची गोष्ट तूच सांगितलीस. १९८८ साली चीनच्या भिंतीवर दोन टोकांकडून चालत आले, मधे भेटले आणि तिथंच निरोप घेतला. २०१० मध्ये न्यूयॉर्कला तिच्या कार्यक्रमात तो समोर येऊन बसला, तिनं टेबलावरून हात पुढं केले. तो व्हिडिओ बघून आईनं डोळ्याला पदर लावला. पुढचं तू सांगितलं नाहीस, मी शोधलं. २०१५ ला तो कोर्टात गेला, दोघांच्या कामाचे पैसे आणि नाव मागायला. २०१६ ला कोर्टानं तिला अडीच लाख युरो द्यायला लावले. त्यांच्यात १९९९ चा करार तरी होता. तुमच्यात साधी चिठ्ठी नाही.

बघ, परत भाषण झालं. राग धरू नको.

खडेबाजारातल्या कापड दुकानाची पाटी आठवते? खडूच्या दोरीचं एक टोक तू धरायचीस. वरची कन्नड ओळ काकांची, खालची मराठी माझी. त्यांची गोल अक्षरं एका दमात यायची, माझी शिरोरेघ तीनदा पुसावी लागायची. कोपऱ्यात सही दोघांची. त्या पाटीचं शेवटचं काम राहिलं होतं तेव्हा ते तापानं पडले, आणि सही मी एकट्यानं ठोकली. बरे होऊन आले, पाटीकडं बघितलं, चहा घेतला, गेले. पुढं फ्लेक्स आला, धंदा बसला. मग आम्ही का तुटलो असं कुणी विचारलं की मी फ्लेक्सचं नाव सांगत आलो. तुझ्या आईलासुद्धा.

कुणाच्या बाजूनं बोलताय, असं तू विचारलंस. त्याच्या गे. तुझं काम मोठं आहे, तू आणखी मोठी होशील. म्हणूनच सांगतो, पुढच्या कार्यक्रमाच्या पत्रिकेत त्याचं नाव घाल.

अण्णा शुक्रवारी रात्रीच्या गाडीनं येतोय. कुंद्याचे डबे दोन दिलेत. दुसरा त्याच्या खोलीवर पोचव, तू गेली नाहीस तरी चालेल, अण्णा जाईल.

— बाबा