रविवार पेठेतल्या पॉलिशवाल्या काकांना

आदरणीय काका,
सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव विचारायचं राहूनच गेलं, म्हणून हे असं चारचौघांत लिहितेय. बोहरी आळीच्या गर्दीतून चांदीचं कडं मुठीत धरून तुमच्या दुकानात शिरलेली, रडकुंडीला आलेली ती मी.

ते कडं आईच्या पंचाहत्तरीसाठी घडवलं होतं. घाट जमला होता, पण कितीही घासलं तरी उजेडात धरलं की कानशीचे चरे दिसायचेच. भरमसाट फी घेऊन दागिने शिकवणाऱ्या बाईंनी ‘हाताला सवय होईल’ म्हणून वाटेला लावलं. एका झगमगीत दुकानात अडचण सांगितली, तर त्यांनी सगळ्यात महाग म्हणून २००० नंबरचा घासायचा कागद गळ्यात मारला (नंबर जितका मोठा, तितका कागद बारीक). पॉलिश करून देणाऱ्या एकाने तर कडं नीट हातातही घेतलं नाही. म्हणे, चांदीच खराब आहे, वितळवून टाका.

तुम्ही चष्मा कपाळावर सरकवून कडं ट्यूबखाली तिरकं धरलंत आणि म्हणालात, “चांदीला काही झालेलं नाही, ताई. कागद चुकलाय.”

तेवढ्यानेच माझं अर्धं ओझं उतरलं. इतका बारीक कागद खोल चऱ्याच्या तळापर्यंत पोचतच नाही, चरा आपला चकचकीत होऊन तिथेच राहतो, हे मला तोवर कुणीच सांगितलं नव्हतं. बफवर, म्हणजे पॉलिशच्या फिरत्या कापडी चाकावर, चरे घालवायला गेलात तर कडा गोल होतील आणि नक्षी पुसट होईल, हेही तुम्हीच सांगितलंत. मग काळ्या वॉटर पेपरने, म्हणजे पाणी लावून घासायच्या कागदाने, कड्याचा बोटभर भाग घासून दाखवलात. ४०० आडवा, ६०० उभा. आडव्या रेघा पार गेल्याशिवाय पुढच्या कागदाला हात लावायचा नाही, आणि मध्ये कडं धुवायचं, आपली बोटंसुद्धा, कारण जाड कागदाचा एक कण मागे राहिला तरी नवा ओरखडा. लाल रूजची, म्हणजे चकाकी आणणाऱ्या पॉलिशची, पाळी अगदी शेवटी.

पण मनात घर करून राहिलंय ते वेगळंच. कागद कापून देताना तुम्ही थांबलात. मागचा छापील नंबर तुकड्यांवर राहत नाही, हिचा घरी गोंधळ उडेल, हे तुमच्या लक्षात आलं. गिऱ्हाइकं खोळंबलेली असताना तुम्ही एकेक पट्टी उलटी करून बॉलपेनने नंबर घातलेत. ४००, ६००, ८००, १२००. आठाचा वरचा फाटा शाळेतल्या पाटीवर काढतात तसा लांब. एका पट्टीवर शाई उमटेना, तर पेन तळहातावर गिरवून पुन्हा लिहिलंत. आणि पैसे? “आधी जमू द्या, मग बघू.”

कळणारी माणसं पुण्यात पुष्कळ आहेत. आपल्याला कळतं हे समोरच्याला जाणवू न देता सांगणारी मात्र हाताच्या बोटांवर मोजावीत. तुम्ही एकदाही विचारलं नाहीत की एवढंही माहीत नाही का. (बाईंनी विचारलं होतं. सगळ्या वर्गासमोर.)

कडं जमलं, काका. आईने ते मनगटावर फिरवून फिरवून पाहिलं आणि ‘कुठल्या सराफाकडून आणलंस?’ म्हणून विचारलं!

१२०० ची पट्टी आता पार गुळगुळीत झालीय. पुढच्या आठवड्यात नवीन न्यायला येते. तेव्हा मागचे पैसेही घ्यायचे आहेत, ‘बघू’ चालणार नाही.

तुमची,
कडंवाली ताई