काकांच्या टेपा कुठे आहेत? लुईझियानाच्या सांस्कृतिक कारभाऱ्यांना खुले पत्र

महोदय,

सप्रेम नमस्कार. इंग्रजीत पाठवलेल्या ईमेलना ‘आपला संदेश पोहोचला’ यापलीकडे उत्तर आलं नाही, म्हणून आता मराठीत लिहिते. निदान आमची माणसं तरी वाचतील.

इथे अमेरिकेतल्या लुईझियाना राज्यात माझे शेजारी, म्हणजे काका, क्रिओल होते, इथल्या फ्रेंच बोलणाऱ्या काळ्या लोकांपैकी. ते अकॉर्डियन वाजवायचे. मी पेटीवाली. भात्यावरून मैत्री जमली. वारण्यापूर्वी काकांनी त्यांच्या तरुणपणीच्या ‘लाला’ नाचांच्या टेपा माझ्या हवाली केल्या. घरातलं सामान अंगणात काढून रात्रभर चालणारे ते नाच. झायडेको, म्हणजे क्रिओल लोकांचं अकॉर्डियनवरचं नाचाचं संगीत, त्यातूनच वाढलं. मी त्या टेपा एका सार्वजनिक संग्रहाला दिल्या. वर्षभरात डिजिटल प्रत देऊ, असं लेखी आश्वासन मिळालं. परवा कळलं की निधी आटला, खोलीतला एसी बंद झाला आणि टेपा ‘तात्पुरत्या’ गोदामात गेल्या.

लुईझियानाच्या ऑगस्टमध्ये तात्पुरतं म्हणजे काय हो? इथे कपाटातल्या चपलांना बुरशी येते. जुनी ॲसिटेट टेप दमट उकाड्यात व्हिनेगरसारखा वास मारत कुजते. नंतरच्या कित्येक टेपांचा थर चिकट होऊन यंत्रावरच उतरतो. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय दृक्‌श्राव्य संग्रहाने 2015 मध्येच बजावलं होतं की टेपांवरचं जे 2025 पर्यंत उतरवून घेतलं नाही, ते बहुधा गेलंच. तुमच्या गोदामात कोणतं साल चालू आहे?

माझे गुडघे दुखतात, तरी आय-10 हायवेवरून गाडी हाकत चौकशीला जाते. खिडकीवरची मुलगी विचारते, ‘तुम्ही त्यांच्या नातेवाईक का?’ नाही बाई. नातेवाईक ह्यूस्टनला गेले. मी फक्त शब्द दिलेली बाई आहे. रात्री झोप लागत नाही. ह्यांना वाटतं, मी टेपांपायी वेडी झाले. झाले असेन.

आणि जाताना काय दिसतं? हायवेवरच्या दर दुसऱ्या फलकावर अकॉर्डियन! मोजलेले नाहीत, पण दुसऱ्या नसेल तर तिसऱ्या. फलक रंगवायला पैसे आहेत.

तुमचं हे जुनंच. 1921 च्या राज्यघटनेने शाळेतून फ्रेंच हद्दपार केली, ती बोलणाऱ्या पोरांना शिक्षा झाल्या. मग 1968 मध्ये तीच भाषा वाचवायला सरकारी परिषद काढली. आमेदे आर्द्वां हा काळा क्रिओल गायक. केजन (इथल्या गोऱ्या फ्रेंच भाषकांचं संगीत) आणि झायडेको, दोन्ही घराण्यांचा मूळ पुरुष. त्याची 34 गाणी ध्वनिमुद्रित झाली आणि 1942 मध्ये तो पाइनव्हिलच्या सरकारी वेड्यांच्या इस्पितळात मेला. कबरीवर नाव नाही. पुतळा मात्र 2018 मध्ये उभा राहिला, ओपेलुसासच्या पर्यटक केंद्रात! माणूस हरवू द्यायचा आणि फोटो काढायला ब्राँझ ठेवायचं.

ऐकायचं असेल तर परगावी जा. लोकगीतं गोळा करणाऱ्या लोमॅक्स बापलेकांची इथली 1934 ची ध्वनिमुद्रणं वॉशिंग्टनच्या काँग्रेस ग्रंथालयात. इथल्याच लेक चार्ल्स गावच्या गोल्डबँड या रेकॉर्ड कंपनीचा संग्रह नॉर्थ कॅरोलायनात, चॅपल हिलला. झायडेकोचा राजा म्हणवणाऱ्या क्लिफ्टन शेनियेचे गाजलेले रेकॉर्ड काढले कॅलिफोर्नियातल्या आरहूली कंपनीने. 2016 मध्ये ती कंपनीही वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन या संग्रहालय-संस्थेकडे गेली. त्यांनी जपलं, त्यांना दंडवत. इथे लुईझियानात, लाफायेतच्या विद्यापीठात, बॅरी आन्सले आणि इतरांनी केजन-क्रिओल संग्रह उभा केला, तोही माणसांच्या हट्टापायी. सरकारं कुठलीही असोत, इथली की आमच्याकडची, त्यांना जिवंत कलावंत अडचण वाटतो आणि मेलेला वारसा. ग्रॅमीवाल्यांनीसुद्धा झायडेको-केजनचा स्वतंत्र पुरस्कार 2011 मध्ये गुंडाळला. तक्रार करायची तरी कोणाकोणाची?

तर, मागण्या. गोदामात एसी आणि दमटपणा मोजायचं यंत्र आजच लावा. खासगी लोकांनी दिलेल्या टेपांची यादी जाहीर करा: कुठली टेप कुठे आहे, कोणत्या अवस्थेत आहे. दोन तंत्रज्ञ नेमा. तेवढंही जमत नसेल तर काकांच्या टेपा मला परत करा. दान दिलेलं मागू नये म्हणतात, पण हे दान नव्हतं, ठेव होती. पावती माझ्याजवळ आहे. टेप चालवायचं यंत्र मी भाड्याने आणीन, वीजबिलही भरीन. कधी न्यायला येऊ, त्याची तारीख कळवा. ‘लवकरच’ असं लिहू नका.

आपली,
कर वेळेवर भरणारी एक पेटीवाली