स्कोप घेताय? आधी माउंटची उंची बघा

महोदय,
२०२४ ला पॅरिस ऑलिम्पिकमध्ये नेमबाजीत स्वप्नील कुसाळेने ब्राँझ आणलं तेव्हापासून आमच्या दादरमध्ये पण पोरं एअर रायफलचं विचारायला लागली, छानच आहे, पण ऑलिम्पिकच्या रायफल स्पर्धांत दुर्बीण (स्कोप) चालत नाही हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं. हौस म्हणून स्कोप लावणाऱ्यांचं मात्र वेगळंच, दुकानदार म्हणाला हाय माउंट (स्कोप रायफलवर बसवायची उंच पकड) घ्या आणि मी घेतला. मग गाल स्टॉकवरून (रायफलचा खांद्याकडचा दस्ता) उचलल्याशिवाय पूर्ण चित्रच दिसेना, डोकं हललं की पॅरॅलॅक्समुळे (डोळा सरकला की स्कोपमधली खूण लक्ष्यावरून सरकल्यासारखी दिसते) नेम हलायचा, ६ महिने मी ट्रिगरलाच दोष देत बसलो!

साधा हिशोब आहे. ५० एमएम लेन्सचा पुढचा भाग बाहेरून साधारण ५७ एमएम, म्हणजे स्कोपचा मध्य बॅरलच्या वरच्या कडेपासून किमान ३० एमएम तरी वर हवा. मॅगझिन (छर्रे भरायचा भाग) बॅरलच्या वर येत असेल तर तेही मोजा. एवढी जागा सुटली की मग जमेल तितका खालचाच माउंट घ्या. डोळे मिटून गाल टेकवा, डोळे उघडा, मान न हलवता पूर्ण गोल दिसला पाहिजे. दुकानदारांनी विकताना एवढं करून दाखवावं ही कळकळीची विनंती.
– एक हौशी नेमबाज, दादर